नव्याने जन्मलेला विश्वासणारा पूर्णपणे पापरहित जीवन जगू शकतो का?

प्रश्न : बुलढाणेकर

सर्व बंधुभगिनींना प्रभूमध्ये सलाम.

आमच्या भागात नुकताच एक आध्यात्मिक मेळावा झाला. बाहेरून आलेल्या वक्त्यांनी योहानाच्या पहिल्या पत्रातील 3:9 हे वचन घेतले आणि त्यावरून असे सांगितले की, देवापासून जन्मलेला मनुष्य पाप करतच नाही; म्हणून ज्याच्या हातून अजून पाप घडते, मग ते कितीही लहान असो, त्याचा नवा जन्म, म्हणजे देवाच्या आत्म्याने होणारा अंतःकरणाचा पालट, झालेलाच नाही. माझ्या पत्नीची धाकटी बहीण हे संदेश ऐकून गेली, आणि तेव्हापासून ती प्रभुभोजनाच्या वेळी बाकावर बसून राहते. घरात कधी रागाच्या भरात तिच्या तोंडून कठोर शब्द निघतो, आणि तेवढ्यावरून आपले तारण झालेलेच नाही असे तिने मनाशी ठरवून टाकले आहे.

तिला धीर देताना माझी स्वतःचीच अडचण झाली. त्याच पत्रात 1:8 मध्ये योहान म्हणतो की, आपल्या ठायी पाप नाही असे आपण म्हटले तर आपण स्वतःला फसवतो. मग 3:9 चे काय करायचे? दुसरीकडे प्रभू येशू डोंगरावरील प्रवचनात सांगतो की, तुमचा स्वर्गीय पिता पूर्ण आहे तसे तुम्ही पूर्ण व्हा. जे होणे शक्यच नाही त्याची आज्ञा देव देईल का? आणि पाप अटळच आहे असे मान्य केले, तर पापाची सत्ता तुमच्यावर चालणार नाही या रोमकरांस पत्रातील अभिवचनाला काय अर्थ उरतो?

वेगवेगळ्या मंडळ्यांतील वाचक येथे आहेत. वचनाच्या आणि मंडळीच्या इतिहासाच्या आधारे कोणी समजावून सांगितले तर मी ऋणी राहीन.

उत्तर : नगरकर

सलाम. मी उत्तर भारतीय मंडळीचा सभासद आहे आणि माझी शिकवण धर्मसुधारणेच्या परंपरेतली आहे, हे आधीच सांगतो.

योहानाचे पत्र मधूनच उघडून एक वचन उचलण्याऐवजी सुरुवातीपासून सलग वाचले, तर आपल्या प्रश्नाचा अर्धा भाग तिथेच सुटतो. 1:8 मध्ये ‘आपण’ म्हणताना योहान स्वतःलाही त्यात धरतो. 2:1 मध्ये तो लिहितो की, तुम्ही पाप करू नये म्हणून मी हे लिहितो, आणि त्याच दमात पुढे म्हणतो की, कोणी पाप केलेच, तर पित्याजवळ आपला कैवारी आहे. पत्राच्या शेवटी, 5:16 मध्ये, आपल्या ‘बंधूला’ पाप करताना पाहिले तर त्याच्यासाठी मागावे असे तो सांगतो. ज्याच्या हातून पाप घडले तो योहानाच्या लेखी तरीही बंधूच आहे. तेव्हा 3:9 चा अर्थ ‘एकदा पाप घडले की नवा जन्म खोटा’ असा घेतला, तर योहानाने स्वतःचेच पत्र खोडून काढले असे म्हणावे लागेल. त्या वचनात तो काय सांगत आहे, हे त्याच्या लगेच पुढे दिसते : 3:10 मध्ये बंधूवर प्रीती न करण्याचा विषय येतो आणि 3:12 मध्ये सख्ख्या भावाचा खून करणाऱ्या काइनाचे उदाहरण येते. भावाचा द्वेष मनात धरून, त्यातच घर करून राहणारा मनुष्य देवापासून जन्मलेला असू शकत नाही, असे ते म्हणणे आहे. रागाने बोलून गेल्यावर ज्या स्त्रीला रात्री झोप लागत नाही, तिच्यावर हे वचन फेकणे हा वचनाचाही अन्याय आहे आणि तिच्यावरही.

देव अशक्य आज्ञा देईल का, हा आपला प्रश्न फार जुना आहे. पाचव्या शतकाच्या आरंभी पेलागियस नावाच्या, ब्रिटनमधून रोमला आलेल्या तपस्व्याने नेमका हाच युक्तिवाद मांडला होता. रोममधील ख्रिस्ती लोकांचे सैल आचरण पाहून तो व्यथित झाला होता, आणि त्याची ती व्यथा खरी होती असे मला वाटते. पण मनुष्याने मनावर घेतले तर तो निष्पाप राहू शकतो, या त्याच्या निष्कर्षाला हिप्पोचा बिशप ऑगस्टीन याने कडाडून विरोध केला. 418 साली कार्थेज येथे भरलेल्या आफ्रिकेतील बिशपांच्या परिषदेने या वादात जे ठरवले, ते आजही वाचण्यासारखे आहे. ‘आमची ऋणे आम्हांस सोड’ ही विनंती पवित्र जन केवळ नम्रता म्हणून करतात, त्यांना स्वतःला तिची गरज नसते, असे म्हणणाऱ्यांना परिषदेने दोषी ठरवले; ते ही विनंती खरेपणाने करतात, कारण त्यांना तिची गरज असते. प्रभूने शिकवलेल्या प्रार्थनेत रोजची भाकर आणि ऋणांची क्षमा शेजारी शेजारी आहेत. भाकरीची गरज संपेल असा दिवस या देहात येत नाही, आणि क्षमेची गरज संपेल असाही येत नाही.

मार्टिन लूथरच्या 1517 च्या प्रबंधांपैकी पहिलाच प्रबंध सांगतो की, विश्वासणाऱ्याचे संपूर्ण जीवन पश्चात्तापाचे असावे, अशी प्रभूची इच्छा आहे. 1563 सालच्या हायडेलबर्ग प्रश्नोत्तरीत, म्हणजे आमच्या परंपरेतील शिकवणीच्या पुस्तकात, धर्मांतरित माणसांना आज्ञा पूर्णपणे पाळता येतात का, या प्रश्नाला ‘नाही’ असे उत्तर आहे. अत्यंत पवित्र माणसांमध्येही या आज्ञाधारकपणाचा केवळ लहानसा प्रारंभ असतो, असे ती म्हणते. मात्र त्याच उत्तराचा पुढचा भाग आमच्याकडे बरेचदा गाळला जातो, याचे मला वाईट वाटते : तरीही ते काही आज्ञांप्रमाणे नव्हे, तर देवाच्या सर्व आज्ञांप्रमाणे जगण्यास मनःपूर्वक सुरुवात करतात.

आपल्या मेहुणीबद्दल एवढेच सांगतो. पौलाने करिंथकरांस लिहिले की, मनुष्याने आत्मपरीक्षा करावी आणि मग त्या भाकरीतून खावे व त्या प्याल्यातून प्यावे. परीक्षा करावी आणि उठून जावे, असे त्याने लिहिलेले नाही. ज्याला आपले पाप दिसते आणि ज्याला ते नकोसे झाले आहे, त्याच्यासाठीच तो मेज मांडलेला आहे. तिने ज्याला दुखावले असेल त्याच्याशी समेट करावा आणि येत्या प्रभुभोजनाला पुढे यावे.

उत्तर : वाशिमचा एक विश्वासणारा

नगरकर बंधूंनी योहानाचे पत्र जसे उलगडले, त्याच्याशी माझे बहुतांशी एकमत आहे. परंतु या विषयाची दुसरी बाजू मांडणे मला आवश्यक वाटते, कारण मी नाझरीन मंडळीत वाढलो. आमच्या वाशिममध्ये रेनॉल्ड्स मेमोरियल हॉस्पिटल ज्या मंडळीचे, ती हीच. संपूर्ण पवित्रीकरण हा आमच्या विश्वासाच्या कलमांपैकी एक आहे, आणि आमच्याविषयी ‘हे लोक स्वतःला निष्पाप समजतात’ असे जे सर्रास बोलले जाते, ते खरे नाही.

ही शिकवण जॉन वेस्ली याच्याकडून आली. ख्रिस्ती पूर्णतेविषयी त्याने 1766 साली जे पुस्तक प्रसिद्ध केले, त्यात त्याने काळजीपूर्वक सीमा आखल्या आहेत. पूर्णता म्हणजे देवावर संपूर्ण अंतःकरणाने आणि शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती, असे तो म्हणतो. अशा मनुष्याचे अज्ञान जात नाही, त्याच्या चुका होतात, त्याला मोह होतात, शरीराची आणि बुद्धीची दुर्बलता राहते. ज्याला तो खऱ्या अर्थाने पाप म्हणतो, ते म्हणजे देवाचा नियम माहीत असून जाणूनबुजून केलेले उल्लंघन. त्यापासून देव आपल्या माणसाला याच जीवनात राखू शकतो, असा त्याचा दावा होता. तरीही अशा मनुष्याच्या चुकांनाही ख्रिस्ताच्या रक्ताची गरज असते आणि त्यानेही ‘आमची ऋणे आम्हांस सोड’ असेच म्हणावे, हे वेस्लीनेच लिहून ठेवले आहे. ‘पापरहित पूर्णता’ हा शब्दप्रयोग तो टाळत असे, आणि आपण स्वतः ती अवस्था गाठली आहे असा दावाही त्याने केला नाही.

आपल्या मेळाव्यातील वक्त्यांसारखी माणसे त्याच्याही वाट्याला आली होती. लंडनमधील त्याच्या सभांत जॉर्ज बेल नावाचा एक मनुष्य आपण देवदूतासारखे पूर्ण झालो आहोत असे सांगू लागला, आणि 28 फेब्रुवारी 1763 रोजी जगाचा अंत होणार असे त्याने जाहीर केले. वेस्लीने त्याचा उघड विरोध केला. त्याच वर्षी वेस्लीने विश्वासणाऱ्यांमध्ये उरलेल्या पापाविषयी एक प्रवचन प्रसिद्ध केले. नव्या जन्माबरोबर पापाची मुळे आपोआप नाहीशी होतात, हे म्हणणे त्याने त्यात स्पष्टपणे नाकारले आहे. म्हणजे ‘पाप घडले, तर नवा जन्म नाही’ ही शिकवण आमचीही नाही.

मग आमचे म्हणणे काय? थेस्सलनीकाकरांस पहिल्या पत्रात पौल प्रार्थना करतो की, शांतीचा देव तुम्हांला परिपूर्णपणे पवित्र करो आणि तुमचा आत्मा, जीव व शरीर निर्दोष राखली जावोत, आणि लगेच म्हणतो की, तुम्हांला पाचारण करणारा विश्वसनीय आहे, तो हे करीलच. अहमदनगरच्या ईव्हँजलिन बूथ हॉस्पिटलमुळे आपल्याकडे ओळखीच्या असलेल्या मुक्तिफौजेचे (साल्व्हेशन आर्मीचे) पवित्रीकरणाचे तत्त्व याच वचनावर उभे आहे. ज्या गोष्टीसाठी पौलाने प्रार्थना केली आणि जिच्या पूर्ततेची ग्वाही दिली, ती मरणाच्या पलीकडे ढकलून देण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला?

हे मी तळमळीने लिहितो आहे, त्याला कारण आहे. ‘आम्ही तर रोजच पापी’ हे वाक्य मी अशा माणसांच्या तोंडून ऐकले आहे, जे शनिवारी रात्री दारू पिऊन बायकोवर हात उगारतात आणि रविवारी तेच वाक्य ढालीसारखे पुढे करतात. मंडळीत कोणी त्यांना अडवत नाही, कारण पाप सर्वांचेच आहे अशी सर्वांची समजूत झालेली असते. आपल्या मेहुणीला ज्या शिकवणीने निराश केले ती चुकीची आहेच. पण या माणसाला जी शिकवण निर्धास्त करते, तीही तितकीच चुकीची आहे.

उत्तर : वसईकर

नमस्कार. कॅथलिक धर्मसभेची भूमिका थोडक्यात मांडतो, कारण ती वरच्या दोन्ही उत्तरांच्या मध्ये कुठेतरी येते.

ट्रेंट येथे भरलेल्या कॅथलिक बिशपांच्या महासभेने 13 जानेवारी 1547 च्या आदेशात दोन गोष्टी एकाच वेळी सांगितल्या. कृपेत असलेल्या माणसालाही देवाच्या आज्ञा पाळणे अशक्य आहे, असे म्हणणे चुकीचे आहे. आणि देवाच्या खास कृपादानावाचून कोणीही मनुष्य सर्व पापे, अगदी हलकी पापेसुद्धा, आयुष्यभर टाळू शकतो, असे म्हणणेही चुकीचे आहे. असे खास कृपादान धन्य कुमारी मरियेला मिळाले, ही धर्मसभेची श्रद्धा आहे. ऑगस्टीननेही पेलागियसशी वाद घालताना प्रभूच्या सन्मानार्थ तिला या चर्चेतून वगळले होते.

या दोन गोष्टी एकत्र कशा बसतात, याचे उत्तर तेराव्या शतकातील धर्मपंडित संत थॉमस अक्वायनस याने दिले आहे. कृपेत असलेला मनुष्य प्रत्येक गंभीर पाप टाळू शकतो. हलक्या पापांपैकीही कोणतेही एक घेतले, तर ते टाळता आले असते असेच म्हणावे लागते, आणि म्हणून त्याची जबाबदारी आपलीच असते. पण मनुष्याचे लक्ष एका वेळी सगळीकडे राहत नाही. एका विकाराला आवर घालताना दुसरा डोके वर काढतो, आणि म्हणून ती सगळीच्या सगळी टाळणे त्याच्याकडून होत नाही. बुलढाणेकरांच्या प्रश्नातील तिढा मला यातून बराच सुटलेला दिसतो : ‘हे पाप अटळ होते’ असे कोणत्याही एका पापाबद्दल म्हणता येत नाही, आणि ‘मला आता क्षमेची गरज नाही’ असेही कोणत्याच दिवशी म्हणता येत नाही.

आमच्याकडे वसईत जुनी माणसे नेमाने कुमसार, म्हणजे धर्मगुरूजवळ पापांची कबुली, करत असत, आणि त्यांच्या कुमसारात मोठी पापे फारशी नसत हे सगळ्या गावाला ठाऊक असे. पवित्रता वाढली म्हणून कुमसार बंद झाले, असे एकही उदाहरण मला माहीत नाही. पोप फ्रान्सिस यांना 2013 साली एका मुलाखतीत ‘आपण कोण आहात’ असे विचारले गेले, तेव्हा त्यांचे उत्तर होते : प्रभूने ज्याच्याकडे दृष्टी वळवली असा मी एक पापी मनुष्य आहे.

प्रश्नकर्ता : बुलढाणेकर

आपणा सर्वांचे मनापासून आभार. वाशिमच्या बंधूंना एक विचारतो. जाणूनबुजून केलेले उल्लंघन तेवढेच खरे पाप, असे धरले तर पूर्णतेचा दावा शक्य कोटीतला वाटू लागतो, हे मला पटते. पण ज्या पापाची आपल्याला जाणीवच नाही, त्याचे काय? पवित्र शास्त्र ते पाप मानत नाही का?

उत्तर : नगरकर

हा प्रश्न मला या सगळ्या चर्चेच्या मुळाशी असलेला वाटतो, म्हणून वाशिमच्या बंधूंची परवानगी गृहीत धरून आधी मीच लिहितो.

लेवीयच्या चौथ्या अध्यायात चुकून घडलेल्या पापासाठीही बली सांगितला आहे, आणि तो याजकापासून सामान्य माणसापर्यंत प्रत्येकासाठी आहे. दावीद एकोणिसाव्या स्तोत्रात गुप्त दोषांपासून मुक्तता मागतो. याकोब सांगतो की, चांगले करणे कळत असून जो ते करत नाही, त्याचे ते पाप आहे. म्हणजे जे केले त्याचाच नव्हे, तर जे करायचे राहून गेले त्याचाही हिशेब आहे, आणि तो मांडू लागले की संध्याकाळपर्यंत कोणाचीही पाटी कोरी राहत नाही.

मला सर्वांत जास्त विचारात पाडतो तो गलतीकरांस पत्राचा दुसरा अध्याय. अंत्युखियात पेत्र परराष्ट्रीय, म्हणजे यहूदी नसलेल्या, विश्वासणाऱ्यांबरोबर एका पंक्तीला जेवत होता. यरुशलेमेतील पुढारी याकोब याच्याकडून काही यहूदी विश्वासणारे आले, तसा तो हळूहळू मागे सरू लागला आणि वेगळा राहू लागला; त्याचे पाहून बाकीचे यहूदी विश्वासणारेही तसेच करू लागले, आणि बर्णबासुद्धा त्यांच्या ढोंगाने ओढला गेला. हा पेत्र पेन्टेकॉस्टनंतरचा, म्हणजे शिष्यांवर पवित्र आत्मा उतरल्यानंतरचा आहे. आत्म्याने भरलेला, तुरुंगवास सोसलेला, कर्नेल्य या परराष्ट्रीयाच्या घरी देवाचे दर्शन समजून घेतलेला. ताटावरून उठताना त्याने स्वतःशी काय म्हटले असेल? बहुधा असेच की, उगाच वाद नको, आलेल्यांची मने दुखवू नयेत. ते पाप होते, हे पौलाने सर्वांसमोर तोंडावर सांगावे लागले.

आपल्या मराठी मंडळ्यांना हा अध्याय परका नाही. बाप्तिस्मा होऊन तीन-चार पिढ्या लोटल्या, तरी सोयरीक जुळवताना मूळची जात विचारली जाते, आणि विचारणारी माणसे प्रार्थनाशील, दानशूर, वचनात मुरलेली असतात. त्यांना विचारले तर आपण जाणूनबुजून कोणताही नियम मोडला, असे ते शपथेवरही मान्य करणार नाहीत. पापाची व्याख्या जाणिवेपुरती आखली, की नेमकी हीच पापे कुंपणाबाहेर राहतात.

आणि निष्पापतेचा उघड दावा कुठे नेऊ शकतो, याचे एक उदाहरण अमेरिकेत घडले. जॉन हम्फ्री नॉइस या तरुण प्रचारकाने फेब्रुवारी 1834 मध्ये न्यू हेवन येथे आपण पापापासून पूर्ण मुक्त झाल्याचे जाहीर केले. पुढे 1848 मध्ये त्याने न्यूयॉर्क राज्यात ओनायडा येथे वसाहत उभारली. तिथे विवाहाचे बंधन मोडून सर्व पुरुष सर्व स्त्रियांचे पती मानले जाऊ लागले, आणि कोण कोणाजवळ जाणार, यावर त्याचा व वडीलधाऱ्यांचा अंमल चाले. 1879 मध्ये अटकेच्या भीतीने तो कॅनडात पळून गेला. वेस्लीच्या अनुयायांना मी त्याच्या पंक्तीला मुळीच बसवत नाही. पण ज्याने आपण पाप करूच शकत नाही असे एकदा मानले, त्याला पुढे कोणी ‘हे पाप आहे’ असे सांगायचे तरी कसे?

उत्तर : वाशिमचा एक विश्वासणारा

पेत्राचे उदाहरण मी स्वीकारतो, आणि जातीबद्दल आपण जे लिहिले ते आमच्या मंडळीलाही लागू आहे. जाणिवेबाहेरच्या उल्लंघनालाही प्रायश्चित्त लागते, हे वेस्लीने नाकारले नव्हते, हे मी वर लिहिलेच आहे. पण त्याच्या व्याख्येमुळे आमच्याकडील अनेकांनी आत पाहणे थांबवले, हा आरोप मी टाळू शकत नाही. मात्र अंत्युखियाची गोष्ट तिथे थांबत नाही. पेत्राच्या दुसऱ्या पत्रात पौलाचा उल्लेख ‘आपला प्रिय बंधू’ असा येतो. ज्याने चारचौघांत चूक दाखवली, त्याच्याविषयी असे लिहिता येणे, ही माझ्या मते पूर्णतेची फार चांगली खूण आहे.

आणखी एक गोष्ट आपल्याच मातीतली आहे. पंडिता रमाबाई 1898 साली इंग्लंडमधील केसविक येथील मेळाव्याला गेल्या होत्या. पापावर विजय मिळवून जगता येते, या शिकवणीसाठी तो मेळावा प्रसिद्ध होता. पुढे जून 1905 मध्ये त्यांच्या केडगावच्या मुक्ती सदनात संजीवन, म्हणजे आध्यात्मिक जागृती, सुरू झाले. पवित्र आत्म्याचा एवढा प्रभाव अनुभवणाऱ्या त्या मुलींनी काय केले? आपण आता निष्पाप झालो, असे त्या म्हणाल्या नाहीत. त्या रडत रडत आपली पापे कबूल करू लागल्या, आणि त्यांच्यात पूर्वीच बाप्तिस्मा घेतलेल्याही होत्या. विजयाची शिकवण आणि पापाची कबुली या दोन गोष्टी त्या अंगणात एकमेकींच्या विरोधात उभ्या राहिल्या नाहीत.

म्हणून नगरकर बंधूंना आणि त्यांच्या मंडळीच्या पाळकांना माझी एक विनंती आहे. आपल्या उपासनेत दर रविवारी सर्व जण एका सुरात पापांची कबुली वाचतात. ती वाचून होते आणि लगेच पुढचे गीत सुरू होते. योहान ‘पापे पदरी घेण्याविषयी’ लिहितो, आणि कोणते पाप हे मनात आणण्याइतकाही अवकाश न मिळता ते पदरी कसे घ्यायचे? त्या वाचनाआधी थोडी शांतता पाळली जावी, आणि ज्याने घरी कोणाला मारले असेल किंवा कोणाची मजुरी अडवली असेल, त्याने त्या शांततेत ते नाव घेऊन देवासमोर मांडावे आणि सोमवारी त्या माणसाच्या दारी जावे, एवढे तरी शिकवले जावे. आमच्या मंडळीतही मी हेच मागणार आहे.